गर्दीच्या तळ्यातले ट्राउट आणि बास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲरिझोना म्हटलं की वाळवंट, निवडुंग आणि अंग भाजून काढणारं ऊन आठवतं. पण याच राज्यात थंडीतल्या शनिवारी सकाळी फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट, टेम्पी या शहरांतल्या बागांच्या तळ्यांकाठी उभं राहायला जागा मिळत नाही. आजोबा-नातवंडं, रात्रपाळी संपवून परस्पर आलेले कामगार, बाबागाडी घेऊन आलेले आईवडील. बहुतेकांच्या हातात काठी आणि सगळ्यांची नजर पाण्यावर. राज्याचा गेम अँड फिश विभाग आणि तिथल्या नगरपालिका मिळून पन्नासच्या आसपास तळी मासेमारीसाठी सांभाळतात. थंडीत त्यांत रेनबो ट्राउट सोडतात, वसंतात आणि शरदात कॅटफिश. बऱ्याच तळ्यांत लार्जमाउथ बास बारा महिने असतो.

चिप आणि संगणक उद्योगामुळे या भागात बरीच मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत. कोकणात खाडीवर गरवायला जाणाऱ्याचे किंवा पवईच्या काठी गळ टाकून बसलेल्याचे हात अशा तळ्यावर शिवशिवतात. सोबत काही सवयी येतात, काही ऐकीव माहिती येते आणि दिवसभर बसून बादली रिकामीच राहते. ही तळी माणसांनी सांभाळलेली आहेत, पण मासा तिथेही स्वतःच्या शरीरधर्मानेच वागतो. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या की मासाही लागतो आणि तळंही टिकतं.

गैरसमज 1 : बागेतलं तळं म्हणजे सगळ्यांचं, लायसन्स कशाला?

वस्तुस्थिती : ॲरिझोनात वयाची 10 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीसाठी लायसन्स लागतं, मग तळं बागेतलं असो की डोंगरातलं धरण असो. भारतातून चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीआजोबांनाही हा नियम लागू आहे. "आम्ही पाहुणे आहोत" हे उत्तर तपासणीच्या वेळी चालत नाही. शहरी तळ्यांपुरतं वेगळं लायसन्स मिळतं आणि ते ऑनलाइन काढता येतं.

हा पैसा कुठे जातो हे समजलं की तो भार वाटत नाही. मासे विकत घेणं, वाढवणं, टँकरने आणून सोडणं, पाण्याची तपासणी करणं, हे सगळं मुख्यतः मासेमारी करणाऱ्यांच्याच पैशातून चालतं. लायसन्सखेरीज दुसरा मोठा झरा म्हणजे 1950 सालचा डिंगेल-जॉन्सन कायदा. त्यानुसार काठी, रीळ, गळ अशा साहित्यावर केंद्रीय अबकारी कर बसतो आणि तो पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना मिळतो. 1984 मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढवली गेली. म्हणजे दुकानातून रीळ घेतलं तेव्हाच तुम्ही तळ्यात थोडी भर घातलेली असते. लायसन्स न काढणारा माणूस शेजाऱ्याच्या पैशाने आणलेला मासा घेऊन जातो.

गैरसमज 2 : एकदा ट्राउट सोडले की ते तळ्यात वाढतात, पिल्लं देतात आणि वर्षभर मिळतात.

वस्तुस्थिती : ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. साधारण 10 ते 16 अंश सेल्सियसच्या पाण्यात तो खातो-पितो, चपळ असतो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो आणि 25 अंशांच्या आसपास जगणं कठीण होतं. फिनिक्सच्या तळ्यांचं पाणी उन्हाळ्यात 30 अंशही ओलांडतं.

खरी गोम प्राणवायूची आहे. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. 10 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उष्णतेने माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. मागणी वाढते, पुरवठा घटतो आणि मे महिना उजाडेपर्यंत तळ्यात ट्राउट उरत नाही. पिल्लांचा प्रश्नही निकालात निघतो, कारण रेनबो ट्राउटला अंडी घालण्यासाठी थंड, वाहतं पाणी आणि तळाशी स्वच्छ खडी लागते.

म्हणून हे ट्राउट पकडून खाण्यासाठीच सोडलेले असतात. मर्यादेत राहून ते घरी नेणं हाच त्यांचा रास्त उपयोग आहे. भारतातही ब्रिटिशांनी ट्राउट आणला तो काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीच्या उंच पाण्यात. महाराष्ट्रातल्या गावतळ्यात तो का नाही, याचं उत्तरही तापमानातच आहे.

गैरसमज 3 : मासे सोडले त्या दिवशी लांबवर गळ फेकला की काम झालं.

वस्तुस्थिती : टँकरमधून उतरलेला ट्राउट गोंधळलेला असतो. पहिला-दुसरा दिवस तो थव्याने फिरतो, बऱ्याचदा सोडल्या जागेच्या आसपास, काठापासून फार दूर नाही. आयुष्यभर तो हौदात गोळीखाद्यावर वाढलेला असतो. त्यामुळे वाटाण्याएवढा मऊ गोळा किंवा गांडुळाचा तुकडा त्याला ओळखीचा वाटतो. अख्खं गांडूळ लोंबवलेला मोठा गळ परका वाटतो.

इथे नवख्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते साहित्यात. खाडीतल्या सवयीने जाड तंगूस आणि मोठा गळ लावला जातो. ट्राउटची नजर तीक्ष्ण आणि तळ्यातलं पाणी संथ. साधारण दोन किलो ताण सोसणारा पातळ तंगूस, अगदी बारीक गळ, त्याच्या वर हात-दीड हात अंतरावर छोटंसं शिसं, एवढं पुरतं. गोळा पाण्यावर तरंगणाऱ्या प्रकारचा असेल तर शिसं तळाला बसतं आणि आमिष तळापासून वर अधांतरी राहतं, म्हणजे नेमकं फिरणाऱ्या ट्राउटच्या वाटेत. तंगूस किंचित ढिला ठेवा. ट्राउट आधी चाचपून बघतो. तंगूस ताठ असेल तर त्याला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडून देतो.

दोन-तीन दिवसांत थवा पांगतो. मग एका जागी ठाण मांडून बसण्यापेक्षा काठाने हळूहळू सरकत राहणं फायद्याचं. कारंजं किंवा पाणी आत येण्याची जागा आधी बघावी, कारण तिथे प्राणवायू जास्त असतो.

गैरसमज 4 : एवढ्या गर्दीत बास कुठला टिकायला? सगळे कधीच पकडून नेले असतील.

वस्तुस्थिती : बास असतो, तो हुशार झालेला असतो. त्याचा स्वभाव ट्राउटच्या उलट. तो थव्याने भटकत नाही, दबा धरून बसतो. धक्क्याखालची सावली, पाणवनस्पतींची कड, बुडालेली फांदी, उतार सुरू होतो ती रेषा, या त्याच्या जागा. भक्ष्य समोरून गेलं की झडप. म्हणून बाससाठी लांब फेकण्यापेक्षा काठाला समांतर फेकणं जास्त कामाचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला, काठावरची गर्दी विरळ असताना, तो उथळ पाण्यात येतो.

गर्दीमुळे उरलेले बास अवघड होतात, यामागे ठोस संशोधन आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रिज लेक या तळ्यावर शास्त्रज्ञांनी दोन दशकं बासवर प्रयोग केला. वारंवार गळाला लागणारे आणि सहसा न लागणारे असे मासे वेगळे काढून त्यांच्या तीन पिढ्या वाढवल्या. गळाला चटकन लागण्याची वृत्ती काही अंशी वंशपरंपरेने पुढे जाते, हे त्यातून दिसलं आणि 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. याचा अर्थ असा की चटकन लागणारे मासे सतत उचलत गेलो, तर मागे राहणारी पिढी आमिषाला बधेनाशी होते.

म्हणूनच बासचे नियम कडक आहेत. ॲरिझोनाच्या शहरी तळ्यांवर सर्वसाधारणपणे दिवसाला चार ट्राउट नेता येतात, बास मात्र दोनच, आणि तेही किमान 13 इंच लांबीचे. आकडे बदलू शकतात, काही तळ्यांचे नियम वेगळे असतात. काठावरचा फलक वाचूनच गळ टाकावा.

गैरसमज 5 : मुलं बोलली की मासे पळतात.

वस्तुस्थिती : हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून जवळजवळ सगळाच परत फिरतो. काठावरच्या गप्पा माशापर्यंत जेमतेम पोचतात. मासा बिचकतो तो जमिनीतून जाणाऱ्या हादऱ्यांनी आणि अचानक पडलेल्या सावलीने. त्याच्या दोन्ही अंगांना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेली संवेदनशील रेषा असते. तिच्यामुळे पाण्यातली बारीकशी हालचालही त्याला कळते. तेव्हा मुलांना गप्प बसवू नका. पाय आपटणं, पाण्यात दगड मारणं आणि काठावर अगदी पाण्याशी वाकून उभं राहणं एवढं टाळलं तरी पुरे. मुलांना कंटाळा आला की मासेमारी कायमची सुटते, आणि मग अशा तळ्यांचा हेतूच बाजूला पडतो.

गैरसमज 6 : पाण्यात परत सोडला म्हणजे मासा वाचला.

वस्तुस्थिती : कसा सोडला यावर ते अवलंबून आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची रोगांपासूनची ढाल आहे. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की ती निघून जाते. हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. बासचा खालचा ओठ अंगठा आणि तर्जनी यांत धरला की तो शांत होतो. त्याचे दात बारीक आणि खरखरीत असतात, बोट कापत नाहीत. जड बास ओठाला धरून आडवा उचलू नका, दुसरा हात पोटाखाली द्या, नाहीतर जबडा दुखावतो. ट्राउटला ओठाने धरू नये. शक्यतो पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढावा. कल्ल्यांत बोटं घालणं कुठल्याच माशाच्या बाबतीत चालत नाही.

गळ पोटापर्यंत गिळला असेल तर ओढाओढ करू नका. तंगूस तोंडाशी कापून सोडलं तर माशाची जगण्याची शक्यता अधिक. पण आमिष खोल गिळलेले ट्राउट सोडूनही बरेच मरतात. असा ट्राउट मर्यादेत मोजून घरी नेणंच बरं. सगळे सोडायचेच असं ठरवलं असेल तर आमिषाऐवजी कृत्रिम किडा आणि काटा दाबून बसवलेला गळ वापरावा.

वसंतात आणखी एक पथ्य आहे. पाणी 16-18 अंशांवर आलं की बास उथळ जागी तळ साफ करून घरटं करतो. अंड्यांची राखण नर करतो. त्याला काही मिनिटांसाठी जरी बाहेर काढलं तरी टपून बसलेले ब्लूगिल मासे घरट्यावर तुटून पडतात. घरट्यावर बसलेला बास दिसला तर तिथे गळ टाकू नये.

गैरसमज 7 : एका तळ्यातला जिवंत मासा दुसरीकडे सोडला तर पुण्यच लागेल.

वस्तुस्थिती : ॲरिझोनात हा गुन्हा आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. रेनबो ट्राउट मूळचा प्रशांत किनाऱ्याकडचा, लार्जमाउथ बास मूळचा पूर्व अमेरिकेतला. ॲरिझोनाचा स्वतःचा मासा म्हणजे अपाची ट्राउट. बाहेरून आणलेले ट्राउट डोंगरी ओढ्यांत सोडल्यामुळे त्याच्याशी संकर झाला, खाण्यासाठी स्पर्धा वाढली आणि तो नामशेष होण्याच्या काठावर आला. व्हाइट माउंटन अपाची जमातीने आपल्या भूमीवरचे ओढे जपले, सरकारी यंत्रणांनी साथ दिली आणि अनेक दशकांच्या खटाटोपानंतर 2024 मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. एका बादलीतल्या भूतदयेने असं काम मातीमोल होऊ शकतं.

तळ्यात दिसणारा मोठा गवत्या मासाही असाच जाणीवपूर्वक आणलेला. महाराष्ट्रात मत्स्यशेती करणाऱ्यांना तो परिचित आहे. ॲरिझोनात त्याला व्हाइट अमूर म्हणतात. पाणवनस्पती आटोक्यात ठेवायला तो सोडतात, आणि त्याची संख्या वाढू नये म्हणून वांझ मासेच वापरतात. तो गळाला लागला तर नेण्याआधी नियम पाहावा, कारण त्याच्यावर लांबीची मोठी अट असते.

गैरसमज 8 : शहरातल्या तळ्यातला मासा खाण्यालायक नसतो.

वस्तुस्थिती : काही तळ्यांत शुद्ध केलेलं सांडपाणी असतं, म्हणून तिथे पोहायला मनाई असते. मासा खाण्याबाबत एखाद्या तळ्यावर इशारा असेल तर तो सरकारी यादीत जाहीर होतो. इशारा नसेल तर थंडीत नुकताच सोडलेला ट्राउट निःशंक खावा. तो त्या पाण्यात फार दिवस राहिलेलाच नसतो. पकडल्याबरोबर बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी साफ करा. खवले इतके बारीक की खरवडायची गरज नाही. हळद, मीठ, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवून तव्यावर भाजला की सुरमईची आठवण काढणारेही दुसरा तुकडा मागतात.

गर्दीत एवढं पाळाच

फेकण्याआधी मागे वळून बघा. मुलं मागून धावत जातात. गळ सरळ समोर टाका, शेजाऱ्याच्या तंगुसावर आडवा नको. तुटलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा खिशात घाला. हा धागा वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बदकं, बगळे यांच्या पायांत गुंतून त्यांचा जीव घेतो. मर्यादा भरली की काठी गुंडाळा, दुपारपर्यंत वेळ असला तरी.

अशा तळ्यावरचा मासा मोजून सोडलेला असतो. तुम्ही पाचवा ट्राउट पिशवीत टाकता तेव्हा तो समोरच्या काठावर पहिल्यांदाच काठी धरलेल्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. मुलांना गळ बांधायला शिकवतानाच हा हिशेबही शिकवा. गळ बांधणं ती तासाभरात शिकतील, पण तळं टिकणार आहे ते या हिशेबावर.