सह्याद्रीतल्या आमरी

सह्याद्रीत आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, दोन तऱ्हांनी वाढतात. सीतेची वेणी आंबा, ऐन अशा झाडांवर राहते. पण ती बांडगूळ नव्हे, झाडाचा रस शोषत नाही. हबेनारिया गटातल्या आमरी कासच्या सड्यावर पावसाळ्यात फुलतात आणि कोरडे महिने जमिनीखाली कंदरूपाने काढतात. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवणारे फादर सांतापाव यांनी कपाडियांसह लिहिलेला ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ १९६६ साली निघाला; तो आजही मोलाचा आहे. आमरीचे बी धुळीइतके बारीक, अन्नसाठा जवळपास नसलेले. योग्य बुरशी भेटली तरच रुजते. त्यामुळे फुलाच्या मोहाने उपटलेल्या रोपाची जागा सहज भरत नाही. सायटीस करार आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवतो; जुने झाड तोडणाऱ्या कुऱ्हाडीवर मात्र त्याचा अंमल चालत नाही.