मोटरसायकलचं चाक: स्वतः बदलायचं की मेकॅनिकला द्यायचं?

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. हा मित्र चाकणला एमआयडीसीत कामाला आहे, रोजचं जाणं-येणं स्प्लेंडरवर. पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी आपटली आणि मागची रिम वाकली. गॅरेजवाला म्हणतो, अख्खं चाक बदल. रूममेट म्हणतो, व्हिडिओ बघून आपणच करू, मजुरी वाचेल. आता हा विचारतोय, ऐकू कुणाचं?

माझं मत विचाराल तर दोघांचंही अर्धं अर्धं. कारण ‘चाक बदलणं’ हे एक काम नाहीये, ती तीन कामं आहेत. गाडीवरून चाक काढायचं आणि परत बसवायचं, हे पहिलं. रिमवरून टायर-ट्यूब उतरवायची आणि चढवायची, हे दुसरं. हबमध्ये बेअरिंग बसवायचं, आरे भरायचे आणि रिम सरळ करायची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘आऊट काढायचा’, हे तिसरं. तिन्हीचं उत्तर वेगवेगळं आहे.

आधी तिसरं, कारण ते पटकन संपतं. हे घरी करू नका. आऱ्याच्या चाकात साधारण ३६ आरे असतात. एक आवळला की रिम त्या बाजूला ओढली जाते, मग समोरचा सैल पडतो. स्टँडवर चाक फिरवत, नजरेने आणि बोटाने अंदाज घेत हे जुळवावं लागतं. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसाच्या हाताला ते कळतं, व्हिडिओ बघून कळत नाही. पण एक गंमत सांगतो. बरीच छोटी गॅरेजंसुद्धा हे काम स्वतः करत नाहीत, आरे भरणाऱ्याकडे पाठवतात. मग ते चाक तुम्हीच काढून त्याच्याकडे का नेऊ नये? आणि हब धड असेल, तर नुसती रिम आणि आरे बदलून भागतं. ‘अख्खं चाक बदल’ म्हणणाऱ्याला एवढं विचाराच की हबला नेमकं काय झालंय. अलॉय असेल तर मात्र हिशोब वेगळा. अलॉयला तडा गेला असेल, तर वेल्डिंग करून चालवू नका. चाक बदला, विषय संपला.

दुसरं काम, टायरचं. ट्यूबवाला टायर लीव्हरने घरी उतरतो, पण चढवताना ट्यूब चिमटीत सापडते आणि नवीन ट्यूब पंक्चर होते. पंक्चरवाला हे थोड्या पैशात करतो, त्याला करू द्या. तुम्ही शेजारी उभं राहून टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, तेवढं बघा. नवा टायर घेत असाल तर बाजूवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला.

आता पहिलं काम. हे तुम्ही शिकू शकता आणि शिकाच. स्प्लेंडरसारख्या गाडीत मेन स्टँड लावला की मागचं चाक आपोआप उचललं जातं. एक्सल ओढला की चाक चेनपासून सुटून बाहेर येतं, चेन सॉकेट जागेवरच राहतं. ऐकायला सोपं आहे आणि काढायला खरंच सोपं आहे. गडबड होते ती परत बसवताना.

मागच्या ड्रम ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. चाक काढताना ती सोडवावी लागते. बसवताना तिचा बोल्ट राहिला किंवा नुसता बोटाने लावला, तर गाडी चालते, वळते, सगळं ठीक वाटतं. मग पुढे अचानक बस थांबते, तुम्ही जोरात ब्रेक दाबता आणि ती प्लेट चाकासोबत फिरायला बघते. चाक तिथेच जाम होऊ शकतं. पुढच्या ड्रमलाही तसंच आहे. फोर्कवर एक खुंटी असते, ती ब्रेक प्लेटच्या खाचेत बसायला हवी. म्हणून काढण्याआधी दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. एक्सलवरचे बुश ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा. चेनचा ताण बघा, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघा. एक्सलचा नट किती आवळायचा त्याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आणि तेवढा मोजून आवळायला टॉर्क पाना लागतो. ‘जोर लावून टाइट केला’ हे माप नाही!

डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लीव्हर चुकूनही दाबू नका, पॅड आत येतात आणि मग डिस्क शिरत नाही. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून ठेवा. बसवल्यावर लीव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा, त्याआधी गाडी हलवायची नाही. ग्रीसचा हात डिस्कला लावू नका.

एबीएसची गाडी असेल तर आणखी जपून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तिथे चाकावर एक दातेरी रिंग असते आणि तिच्या अगदी जवळ सेन्सर. त्याला धक्का बसला तर मीटरवर दिवा लागतो आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. अशी गाडी वॉरंटीत असेल, तर मी सरळ सर्व्हिस सेंटरला पाठवेन.

पैशांचं म्हणाल, तर एकदाच चाक काढायचं असेल तर स्वतः करण्यात काही वाचत नाही. एका टॉर्क पान्याच्या किमतीत गॅरेजवाला चाक कितीतरी वेळा काढून घालून देईल. पण रूमवर तिघांच्या गाड्या असतील, पाने वाटून घेणार असाल, तर वर्षभरात खर्च निघतो. आणि गावाकडे, जिथे गॅरेज वीस किलोमीटरवर आहे, तिथे हे यायलाच हवं.

पहिल्यांदा करत असाल तर रविवारी सकाळी करा, दुकानं उघडी असताना, आणि सोमवारच्या शिफ्टच्या आदल्या रात्री अजिबात नको. झाल्यावर स्टँडवर चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येतो का ऐका, चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. मग मोकळ्या जागेत पायी चालण्याच्या वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे मारून बघा. आठवडाभराने नटावर पुन्हा पाना लावा. आणि यातलं काहीही खटकलं, तर चालवत नाही, ढकलत गॅरेजला न्या.