नळाला पाणी कधी सुटणार?

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, हे खरंच; पण जे पाणी आहे ते कुठे जातं, हा प्रश्नही तेवढाच मोठा.

इथे इंटरनेटला जोडलेली यंत्रं कामाला येतात. जलवाहिनीवरचा प्रवाहमापक दर काही मिनिटांनी आकडे पाठवतो. मध्यरात्री, सगळं गाव झोपलेलं असताना प्रवाह वाढलेला दिसला, तर बहुधा कुठेतरी गळती असते. रस्ता खणण्याआधी ती जागा हुडकता येते.

अशा यंत्रणा मोठ्या प्रमाणावर उभारणाऱ्या केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या यादीत लातूर आणि नांदेड, दोन्ही शहरं नव्हती. तरी खिशातला मोबाइल आहेच. स्वच्छता अ‍ॅपवर कचऱ्याचा फोटो टाकला, की जागेसह तक्रार महापालिकेकडे जाते. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने सरकारी दाखले देण्याला मुदत घातली. त्यासाठी ‘आपले सरकार’ या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, मुदत टळली तर अपीलही.

विष्णुपुरी धरणाचं पाणी पिणाऱ्या नांदेडच्या गृहिणीला मोठा डॅशबोर्ड नको असतो. आपल्या गल्लीत पाणी किती वाजता सुटणार, एवढा एक संदेश आदल्या रात्री आला, तर तिची सकाळ मोकळी होते.