खिशांतल्या तिजोरीची परीक्षा

आपल्या वाडवडिलांची तिजोरी भिंतींत बसविलेली असे. तिची किल्ली घरांतील कर्त्या पुरुषाच्या जानव्याला नाहीं तर सासूबाईंच्या कमरेला, आणि पहारा साऱ्या घराचा. आज डोंबिवलीस फडके रोडवर गजरा घेतां घेतां सूनबाई पर्समधून मोबाइल काढते, फुलवालीच्या पाटीवरील काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनापुढें धरते आणि वीस रुपये चुकते करून पुढें चालूं लागते. तो मोबाइल म्हणजे त्याच तिजोरीची नवी आवृत्ति होय. भेद इतकाच कीं, ही तिजोरी गर्दीच्या लोकलमधून रोज मुंबईस जाऊन येते. गांवास निघतांना कुलूप लावल्यावर तें दोनदां ओढून पाहण्याची आपली रीत आहे. परंतु या नव्या तिजोरीचें कुलूप कोणी कधीं ओढून पाहिलें काय, हा प्रश्न सहसा घरांत कोणाच्या मनांत येत नाहीं. तें ओढून पाहणें हाच हल्लीं एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, आणि सुशिक्षित कुटुंबांना त्याची तोंडओळख तरी असावी, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम ॲप म्हणजे काय तें पाहूं. पडद्यावरील बँकेचें चित्र बोटानें दाबलें म्हणजे सारी बँक खिशांत आली, असें वाटतें. वस्तुतः खिशांत येतो तो पेढीचा केवळ दर्शनी ओटा. खतावणी आणि मुनीम दूर कोठें तरी सर्व्हर नांवाच्या संगणकांत असतात. ओट्यावरून आपण चिठ्ठी धाडतों, ‘अमक्यास इतके रुपये द्यावे’. मुनीम खतावणी पाहून होकार किंवा नकार कळवितो. या व्यवहारांत चार जागा कच्च्या राहूं शकतात: ओटा, ओट्याखालचा कप्पा, चिठ्ठी जाण्याची वाट आणि स्वतः मुनीम.

मुनीम चुकला म्हणजे काय होतें, हा धडा महाराष्ट्रानें दाम मोजून घेतला आहे. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेनें २०१६ सालच्या एप्रिलमध्यें ‘यूपीआय’ ही पद्धति सुरू केली. तिच्या योगें एका बँकेंतील पैसे दुसऱ्या बँकेंत क्षणार्धांत जातात. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि जो तो या नव्या वाटेनें धांवूं लागला. २०१७ सालच्या मार्चमध्यें कॉर्पोरेशनचे तेव्हांचे प्रमुख ए. पी. होता यांनीं जाहीर केलें कीं, बँक ऑफ महाराष्ट्रच्या यूपीआय-व्यवस्थेंतील एका दोषामुळें सुमारें २५ कोटी रुपये बाहेर गेले. दोष असा कीं, पाठविणाराच्या खात्यांत पुरेशी शिल्लक नसतांही रक्कम पलीकडे पोंचत होती. ही व्यवस्था बाहेरच्या पुरवठादारानें करून दिलेली होती. पुण्यास १९३५ सालीं स्थापन झालेली आणि मराठी मध्यमवर्गानें आपली मानलेली ही पेढी! तेथें कोणी भिंत फोडली नाहीं कीं कुलूप तोडलें नाहीं. मुनिमानें खतावणी न पाहतांच मान डोलविली, एवढेंच.

पुढच्याच वर्षीं, ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं, पुण्याच्याच कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारें ९४ कोटी रुपये गेले. येथें चोरांनीं बँकेच्या यंत्रणेंत शिरून, एटीएमवरून येणाऱ्या मागण्यांस खोटा होकार देणारी आपली स्वतःची व्यवस्था उभी केली होती. हा मोबाइलच्या ॲपचा प्रकार नव्हता, तरी तात्पर्य तेंच: ‘शिल्लक आहे, द्या’ हें वाक्य कोण उच्चारतो आणि कशाच्या आधारावर, यावर साऱ्या ठेवी अवलंबून असतात.

म्हणून परीक्षक पहिली परीक्षा मुनिमाचीच घेतो. खात्यांत शंभर रुपये ठेवून तो हजार पाठवून पाहतो. उणे शंभर पाठवून पाहतो. न जाणो, त्यामुळें त्याची शिल्लक वाढावयाची! एकच चिठ्ठी एकाच क्षणीं दोनदां धाडतो. मग आपल्या खात्याच्या क्रमांकाच्या जागीं दुसऱ्या परीक्षा-खात्याचा क्रमांक घालून पाहतो: मुनीम परक्याचें पासबुक पुढें करतो काय? नवशिका कारागीर म्हणतो, ‘पडद्यावर दुसऱ्याचा क्रमांक लिहिण्यास जागाच ठेविलेली नाहीं, मग भीति कसली?’ पण चोर ओट्यावर येतच नाहीं. तो आपल्या हातानें चिठ्ठी लिहून थेट मुनिमाच्या हातीं देतो. ही एक गोष्ट न उमगल्यामुळें पुष्कळ चांगलीं दिसणारीं ॲपें फसतात.

त्यानंतर वाटेची परीक्षा. चिठ्ठी सांकेतिक लिपींत बंद होऊन जाते. परीक्षक मध्येंच आपला संगणक ठेवून, बनावट शिक्क्यानें ती लिपी उघडतां येते का, हें पाहतो. ॲपनें तो खोटा शिक्का ओळखून बोलणेंच थांबविलें पाहिजे. मग कप्पा: वापर संपल्यावर मोबाइलमध्यें काय मागें राहिलें? पिन किंवा खात्याचा तपशील साध्या अक्षरांत पडून असेल, तर हरवलेला मोबाइल सांपडणारास तो आयताच मिळावयाचा. शेवटीं ओटा. अँड्रॉइडवरील ॲपची फाइल ही वस्तुतः बांधलेली पेटी असते आणि ती कोणासही सोडून पाहतां येते. कित्येकदां कारागीर घाईंत आपल्या गुप्त किल्ल्या त्याच पेटींत विसरून जातात.

एवढीं सारीं ठिकाणें कोणा एकाच्या आठवणीवर सोंपविणें बरें नव्हे. ‘ओवास्प’ नांवाची, २००१ सालीं सुरू झालेली, जगभरच्या जाणकारांची संस्था या तपासणीचे दंडक विनामूल्य प्रसिद्ध करते. आपल्या रिझर्व्ह बँकेनेंही फेब्रुवारी २०२१ मध्यें डिजिटल देवघेवीच्या सुरक्षिततेविषयीं निर्देश काढून, ॲपची मूळ संहिता वाचणें, दोष हुडकणें आणि चोराप्रमाणें आंत शिरण्याचा प्रयत्न करून पाहणें, या तपासण्या बँकांवर बंधनकारक केल्या. ही परीक्षा एकदां देऊन भागत नाहीं. ॲपची प्रत्येक नवी आवृत्ति हें नवें कुलूप होय.

येथें घरांतील तरुणांस एक सूचना द्यावीशी वाटते. ज्यांचीं मुलें संगणकाचें शिक्षण घेत आहेत अशीं घरें आपल्या गांवांत थोडींथोडकीं नाहींत, आणि या विद्येचें आकर्षणही मोठें आहे. परंतु दुसऱ्याचें कुलूप त्याच्या परवानगीवांचून उघडणें हें २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व ६६ या कलमांखालीं येतें. ‘केवळ पाहत होतों’ हा बचाव तेथें भरंवशाचा नव्हे. सरावासाठीं मुद्दाम सदोष बनविलेलीं ॲपें मिळतात, तीं वापरावीं. सहज एखादा दोष दृष्टीस पडलाच, तर तो मित्रांत मिरवूं नये. मालकास कळवावा, आणि मालक दाद देईना तर ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेस कळवावा.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. उत्तमांत उत्तम परीक्षकही एका दाराची हमी देऊं शकत नाहीं, आणि तें दार म्हणजे आपण. वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा लग्नाची पत्रिका अशा मिषानें व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते. ती दाबून बसविली आणि तिनें मागितलेली संदेश वाचण्याची अनुज्ञा दिली, कीं बँकेनें पाठविलेला गुप्त आंकडा आपल्या आधीं चोर वाचतो. बँकेचें कुलूप शाबूत राहतें आणि घर लुटलें जातें. म्हणून ॲप घ्यावें तें अधिकृत दुकानांतूनच. कॅल्क्युलेटरनें संदेश वाचण्याची परवानगी मागितली तर ती नाकारावी. आणि पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं, हें घरांतल्या लहानथोरांस पाठ असावें.

एकत्र कुटुंबांत ‘आपल्यांत कसलें गुपित?’ असें म्हणून एकाचा पिन सर्वांस ठाऊक असतो. यांत प्रेम आहे हें खरें. परंतु आजोबांचें निवृत्तिवेतन आजोबांचें आहे आणि सुनेचा पगार सुनेचा आहे. ज्याचा पिन त्यालाच ठाऊक असणें हा अविश्वास नव्हे, व्यवहाराची शिस्त होय. वृद्धांस ॲप वापरतां येत नसेल तर नातवानें त्यांच्याशेजारीं बसून शिकवावें. त्यांच्या हातून मोबाइल काढून घेऊन स्वतः काम उरकूं नये. जें आपल्या हातानें कधीं केलें नाहीं, त्यांतील लबाडी ओळखावी तरी कशी?

आणि फसवणूक झालीच, तर? अशा वेळीं घटकेला मोल असतें. १९३० या क्रमांकावर तात्काळ कळविल्यास पैसे वाटेंतच अडविण्याचा संभव असतो. पण पुष्कळ वेळां फसलेला वडील मनुष्य घरांत तोंड उघडीत नाहीं. ‘एवढे शिकलेले, आणि असे कसे फसलां?’ हें वाक्य ऐकावें लागेल, या धास्तीनें तो रात्र काढतो आणि तेवढ्यांत पैसे दहा खातीं ओलांडून जातात. बँकेच्या कुलपाची परीक्षा तज्ज्ञ घेतील. आपल्या घराची परीक्षा आपण घ्यावयाची, आणि ती एवढीच आहे: घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस ‘मी फसलों’ हे दोन शब्द त्याच क्षणीं, न लाजतां, सुनेला किंवा नातवाला सांगतां येतात काय? आज रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं एकत्र बसून हा विषय काढावा, अशी वाचकांस विनंति आहे.