एका मनोऱ्याभोवती एक कोटी डंपर

फिलिपिन्सच्या आल्बाय प्रांतात, दरागा गावाजवळ, हिरव्यागार गवतात काळ्या दगडांचा एक मनोरा उभा आहे. दगडांच्या फटींतून नेचे डोकावतात, भिंतींवर शेवाळ चढलंय. १७२४ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधलेल्या कागसावाच्या चर्चचा हा घंटामनोरा. चर्चचं बाकी काय उरलंय? थोड्या पडक्या भिंती. आणि मनोऱ्यामागे, अर्धं आभाळ व्यापून, तो बसलाय: मायॉन! जिवंत ज्वालामुखी!

आता मोजायला घेऊ. मायॉनची उंची सुमारे २,४६० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे सरळ दीड कळसूबाई! आणि कळसूबाई चढताना आपण पायथ्याच्या बारी गावापर्यंत आधीच बरेच वर आलेले असतो. मायॉन मात्र जवळजवळ समुद्राच्या काठावरूनच उठतो. त्याची उंची जराही कशाआड जात नाही. कुतुबमिनारावर कुतुबमिनार रचत गेलात तर तेहतीस रचूनही शिखर थोडं वरच राहील. पायथ्याचा घेर साठ किलोमीटरच्या वर, म्हणजे सीएसएमटीहून लोकलनं अंबरनाथ गाठा आणि मग आणखी थोडं पुढे जा. एवढी एका डोंगराची प्रदक्षिणा!

आणि हा डोंगर स्वस्थ बसणारा नाही. १६१६ पासूनच्या नोंदींत त्याचे पन्नासाहून अधिक उद्रेक आहेत. सरासरी काढा: दर आठ वर्षांनी एक. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, मायॉन त्याच्या आधीच हजर.

यातला सर्वांत भीषण उद्रेक १ फेब्रुवारी १८१४ चा. ज्वालामुखीच्या मुखापासून कागसावा अकरा किलोमीटरवर. सीएसएमटीला ज्वालामुखीचं मुख समजा, तर चर्च दादरच्या जरासं पुढे. उतारावरून सुटणारे तापलेल्या राखेचे लोट ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे जातात. त्या वेगानं हे अंतर सात मिनिटांच्या आत संपतं. दादरला जाणारी जलद लोकलही एवढ्यात पोचत नाही!

त्या दिवशी सुमारे १,२०० माणसं गेली. चर्चच्या जाड भिंती वाचवतील या आशेनं कित्येक जण आत धावले होते, असं सांगतात. रेल्वेच्या जुन्या स्लीपरच्या डब्यात ७२ बर्थ असतात. एकूण एक बर्थ भरलेले सतरा डबे डोळ्यांसमोर आणा. अख्खी गाडी, पोराबाळांसकट. इथे हिशेब करतानाही हात थबकतो.

त्या उद्रेकात कागसावा गाव गाडलं गेलं. ते कशाखाली? शास्त्रज्ञ उद्रेकांना इयत्ता देतात. १८१४ चा मायॉन चौथ्या इयत्तेतला, आणि त्या इयत्तेत बसायला किमान एक दशांश घन किलोमीटर माल बाहेर फेकावा लागतो. आकडा किरकोळ वाटला ना? थांबा. तो होतो दहा कोटी घनमीटर! आपल्याकडची मोठी गावविहीर, आठ मीटर रुंद आणि बारा मीटर खोल, अशा दीड लाखाहून जास्त विहिरी काठोकाठ बुजतील. दहा घनमीटरचा एक डंपर धरला, तर एक कोटी डंपर. मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस, दिवाळीची सुट्टीही न घेता रिकामे करत राहिलात तर एकोणीस वर्षं लागतील. फेरीला फक्त हजार रुपये धरा, बिल हजार कोटींचं. आणि ते डंपर एकामागे एक उभे केले तर? डंपर आठ मीटरचा, रांग ऐंशी हजार किलोमीटरची. मुंबई ते पुणे पाचशेहून अधिक वेळा, किंवा पृथ्वीला जवळजवळ दोन वेढे!

पण इयत्ता वाढली की माल दहापट होतो. पुढच्याच वर्षी, १८१५ मध्ये, इंडोनेशियातला तांबोरा फुटला. इयत्ता सातवी. म्हणजे मायॉनच्या किमान हजारपट! मायॉनच्या दहा कोटी घनमीटरांचा थर बृहन्मुंबईवर पसरला तर घोट्याच्या वर येईल. तांबोराचा थर अख्ख्या महाराष्ट्रावर, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, एक फुटाहून जास्त!

आणि तरीही तांबोरा लहानच. कारण खरा अजस्र ज्वालामुखी आपल्याच पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन फाटली आणि लाव्हारस थरावर थर वाहत राहिला. सह्याद्रीचे कडे, रायगडाचा कातळ, अजिंठा-वेरूळची लेणी, आपण मघाशी मापाला घेतलेलं कळसूबाई, सगळा तोच थिजलेला लाव्हा. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. अगदी हात राखून मोजला तरी पाच लाख घन किलोमीटर!

कागसावा गाडणाऱ्या मायॉनच्या मापानं भागा. पन्नास लाख उद्रेक! रोज सकाळी एक १ फेब्रुवारी १८१४, रविवारीसुद्धा, तर तेरा हजार सातशे वर्षं लागतील. पहिला उद्रेक माणसानं पहिलं शेत पेरण्याच्याही आधी झाला असता, आणि शेवटचा आज सकाळी!