समानधर्म्याची वाट पाहणारा स्वरकार

भवभूतीनें भावी काळांतील समानधर्म्याची जी आशा धरली, तिच्यावर केवळ कवींनाच आयुष्य कंठावें लागतें असें नाहीं. इंग्लंडांतील हॅव्हर्गल ब्रायन या संगीतकाराचें चरित्र याची साक्ष देईल. एल्गारचें नांव पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांस ठाऊक असतें; ब्रायनचें क्वचितच कानीं येतें.

१८७६ सालीं स्टॅफर्डशायर परगण्यांत, मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या मुलुखांत तो जन्मला. बाराव्या वर्षीं त्याची शाळा सुटली. पुढें एका संगीतविषयक मासिकाचा साहाय्यक संपादक म्हणून त्यानें चरितार्थ चालविला. १९१९ ते १९२७ या काळांत त्यानें ‘गॉथिक’ सिंफनी रचली. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं योजलेला दीर्घ स्वरप्रबंध. हा तर जवळजवळ दोन तासांचा. शिवाय शेंकडों गायक आणि पितळी वाद्यांचे चार स्वतंत्र ताफे त्यास हवेत! एवढा खर्च कोण सोसणार? ती प्रथम वाजली १९६१ सालीं, कर्त्याच्या पंचाऐशींव्या वर्षीं.

तथापि त्याची लेखणी थांबली नव्हती. १९५४ सालीं बी. बी. सी. नें त्याची आठवी सिंफनी ध्वनिक्षेपित केली, आणि जणूं सुकलेल्या खोडास पालवी फुटली. त्याच्या एकूण ३२ सिंफन्यांपैकीं २१ वयाच्या ऐशीं वर्षांनंतरच्या आहेत. शेवटची १९६८ सालची.

हें संगीत ऐकावें कसें? आपला कान एका रागाच्या संथ विस्तारास सरावलेला. येथें अनेक स्वरपंक्ती एकाच वेळीं चालतात, आणि ब्रायन तर एक विचार पुरता मांडून होतो न होतो तोंच दुसऱ्याकडे वळतो. म्हणून ‘गॉथिक’पासून आरंभ करूं नये. सुमारें वीस मिनिटांची दहावी सिंफनी घ्यावी. तींत एक गूढ निःशब्दता आहे, आणि वाऱ्याचा व मेघगर्जनेचा आवाज काढणारीं यंत्रें योजून उठविलेलें वादळहि आहे. पहिल्या वेळीं केवळ हे चढउतार अनुभवावे. दुसऱ्या वेळीं खालच्या पट्टींतील पितळी वाद्यांचा मागोवा घ्यावा. तिसऱ्या खेपेस विस्कळित वाटलेले तुकडे आपोआप सांधूं लागतात.

याच सिंफनीची आणखी एक गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष हृद्य वाटावी. ब्रायनच्या संगीताची पहिली व्यापारी ध्वनिमुद्रिका तयार झाली ती कोणा नामांकित वृंदाकडून नव्हे. १९७२ सालीं लेस्टरशायरमधील शाळांच्या मुलामुलींच्या वाद्यवृंदानें दहावी व एकविसावी सिंफनी वाजविली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, शहाण्णवाव्या वर्षीं, ब्रायन निवर्तला.

आज त्याच्या सर्व सिंफन्या ध्वनिमुद्रित आहेत. प्रसिद्धी ही गुणांची एकमेव कसोटी नव्हे, हें आपण मुलांस नेहमीं सांगतों. त्यांच्यासमवेत एखाद्या सायंकाळीं ही सिंफनी लावून बसावें, म्हणजे तें सांगणें त्यांच्या कानांसहि पटेल.