चिलटाची जात ओळखताना

पिकून काळे डाग पडलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिलटे बहुधा ड्रॉसोफिलिडी कुळातली असतात. लांबी दोन ते चार मिलिमीटर. एकाच घडावर त्यांच्या तीन-चार जाती नांदत असल्या, तरी नुसत्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. आंबा-पेरूच्या बागायतदारांना छळणारी फळमाशी वेगळ्या कुळातली आणि बरीच मोठी.

चिलट ईथरने गुंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतले की आधी कुळाची खात्री करतात. स्पर्शिकेवरचा राठ केस पिसासारखा फाटे फुटलेला असतो आणि पंखाच्या पुढच्या कडेची शीर दोन जागी खंडित असते.

आकार आणि रंग यांवर मात्र भिस्त ठेवू नये. दाटीवाटीत उपासमार झालेल्या अळीची माशी खुजी निपजते. थंडीत वाढलेल्या माशीचे पोट गडद होते, तर कोशातून नुकतीच बाहेर पडलेली माशी फिकट असते.

काही जाती लगेच ओळखू येतात. झॅप्रिओनस इंडियानसच्या डोक्यापासून पाठीवर काळ्या किनारीचे रुपेरी पट्टे असतात. मूळची आफ्रिकेची ही माशी 1970 मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून शास्त्रात नोंदली गेली आणि 1999 मध्ये ब्राझीलच्या अंजिरांवर जाऊन पोहोचली. ड्रॉसोफिला सुझुकीच्या नराच्या पंखाच्या टोकाजवळ काळा ठिपका असतो. पण तेवढ्यावरून निकाल देणे घाईचे ठरेल, कारण भारतातल्या बायआर्मिपीसच्या नरालाही तसाच ठिपका असतो. सुझुकीच्या मादीची अंडी घालण्याची नळी करवतीसारखी दातेरी असते, आणि त्यामुळेच ती झाडावरची चांगली फळेही चिरू शकते.

बाकीच्यांसाठी नराचे पुढचे पाय पाहावे लागतात. मेलानोगास्टरच्या नराच्या पावलाच्या पहिल्या पेरावर दहा-बारा जाड काळ्या दातांची एकच फणी असते. अनानासीत हे दात अनेक आडव्या ओळींत पसरलेले असतात.

खरी कसोटी मेलानोगास्टर आणि सिम्युलन्स या जोडीची. दोन्हींच्या नरांच्या पोटाचे टोक काळे, पायांवर तशीच फणी. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी 1919 मध्ये सिम्युलन्स वेगळी काढली, तोवर ती मेलानोगास्टरमध्येच मोजली जाई. नराला उताणे करून पोटाचे टोक पाहिले की जननांगाच्या कमानीवरची पाळी दिसते. मेलानोगास्टरची पाळी लहान, आकड्यासारखी. सिम्युलन्सची मोठी, गोलाकार, शिंपल्यासारखी. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की पुढे शंका उरत नाही. जाती ठरवताना रंगापेक्षा या पाळीला कितीतरी जास्त मान द्यायला हवा.

माद्यांना ही पाळी नसते आणि या दोन जातींच्या माद्या बाह्यरूपावरून वेगळ्या करणे फार अवघड. म्हणून रानातून पकडलेली प्रत्येक मादी वेगळ्या कुपीत खाद्यावर ठेवतात. रानातल्या माद्या सहसा आधीच फळलेल्या असतात. 25 अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांत तिची पिल्ले माशा होऊन बाहेर पडतात, आणि मुलग्यांची पाळी पाहून आईची जात ठरते.